मुलांसोबत केलेला केक मधोमध बसतो? ओव्हनला दोष देण्याआधी चमचा मोजा

मे महिना लागला की आमच्या इमारतीतल्या कुणा ना कुणाच्या घरून हाक येतेच. "मावशी, केक खाली बसला. पोरं रडवेली झालीत. ओव्हन बिघडला असेल का हो?" बारा वर्षं झाली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन केक करते, माझ्या घरी आणि शेजाऱ्यांच्याही. एवढ्या वर्षांत ओव्हन खरोखरच बिघडलेला मला तीनदा सापडला. बाकी सगळ्या वेळी कारण चमच्यात, वाटीत नाहीतर घड्याळात होतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या शेवटी अशा लावल्या आहेत. त्याच क्रमाने जा.

आधी केक कापून बघा

बसलेला केक लगेच टाकून देऊ नका. मधोमध कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. काय बिघडलं ते तिथे दिसतं.

– ओव्हनमध्ये छान फुगला, मुलांनी काचेतून बघून टाळ्या वाजवल्या, आणि मग आतच मधला भाग खचला: सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली, साखर जास्त झाली, किंवा दार मधेच उघडलं.

– बाहेर काढेपर्यंत ठीक होता, ओट्यावर ठेवल्यावर पाच मिनिटांत खड्डा पडला: आत कच्चा होता.

– फुगलाच नाही, आणि तळाशी शिऱ्याच्या वडीसारखा ओलसर दडस थर आहे: सोडा किंवा पावडर निकामी झालेली आहे, किंवा कालवलेलं पीठ फार वेळ थांबलं.

– वरून डोंगरासारखा उकलला, कडा करपल्या, आत लगदा: आच जास्त आहे किंवा भांडं लहान पडलं.

– रंग नको तितका तपकिरी आणि चव साबणासारखी: सोडा जास्त झाला, यात शंका नको.

– आत लांबट बोगदे आणि घास रबरासारखा: फार फेटलं.

मुलांच्या केकमध्ये यातली दोन-तीन लक्षणं एकदम सापडतात. त्याने गोंधळून जाऊ नका, कारण बहुतेक वेळा एक मोठं कारण सुधारलं की बाकीची आपोआप कमी होतात.

तुलनेसाठी माझं नेहमीचं बिनअंड्याच्या दह्याच्या केकचं प्रमाण देते. मैदा दीड कप, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. साखर पाऊण कप, १५० ग्रॅम. दही एक कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा. ७ इंची गोल भांडं, १८० अंश, ३५ ते ४० मिनिटं. इथे कप म्हणजे २४० मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दार उघडलं होतं का?

ही तपासणी म्हणजे नुसतं आठवणं. केकचं पीठ फुगतं ते वायूच्या बुडबुड्यांनी, पण त्या बुडबुड्यांभोवतीची भिंत पक्की व्हायला वेळ लागतो. मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि घट्ट होतो, ते पीठ आतून चांगलं ८० अंशांच्या पुढे गेल्यावर. तोवर केक म्हणजे ओल्या भिंतींचं घर असतं. घरगुती ओटीजी, म्हणजे टोस्ट-ग्रिलही करणारा विजेचा छोटा ओव्हन, हा लहानसा डबा. दार उघडलं की आतली गरम हवा क्षणात बाहेर येते, बुडबुडे आकसतात आणि ओली भिंत खाली येते. बिनअंड्याच्या केकला अंड्याचा आधार नसल्यामुळे तो आणखी लवकर खचतो.

पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. मुलांना "उघडू नका" एवढं सांगून भागत नाही, त्यांना आत बघायचं असतं आणि ते बरोबरच आहे. मी ओव्हनपासून दोन हात अंतरावर फरशीवर खडूने रेघ ओढते. रेघेमागे बसायचं, तिथून दिवा लावून बघायचं. काच तापलेली असते, त्यामुळे या रेघेचं दुसरं कामही तितकंच महत्त्वाचं आहे.

खरंच शिजला होता का?

केक बाहेर आल्यावर बसला असेल तर दुसरं काही तपासण्याआधी हे तपासा. स्वच्छ सुरी किंवा विणायची सुई केकच्या अगदी मधोमध, तळापर्यंत घाला. कडेला घालून उपयोग नाही, कडा दहा मिनिटं आधीच झालेली असते. सुईला ओलं पीठ लागलं तर अजून सात-आठ मिनिटं. कोरडे कण चिकटले तर चालेल. वरून रंग पुढे जात असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैलसर झाका आणि आत राहू द्या. झालेला केक भांड्याच्या कडेपासून किंचित सुटतो आणि मधोमध बोटाने हलकेच दाबलं तर परत वर येतो.

पाककृतीतले "३५ मिनिटं" हे दुसऱ्या कुणाच्या तरी ओव्हनमधले असतात. घड्याळापेक्षा सुईवर विश्वास ठेवा.

सोडा जिवंत आहे का?

याला एक मिनिट लागतं आणि मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून तो त्यांच्याच हातून करून घ्या. अर्ध्या वाटी गरम पाण्यात पाव चमचा बेकिंग पावडर टाका. जोरात फसफसली तर चांगली, चार बुडबुडे आले आणि शांत झाली तर टाकून द्या. खाण्याच्या सोड्याची चाचणी वेगळी. बरेच जण सोडाही नुसत्या पाण्यात टाकतात, काही दिसत नाही, आणि चांगला सोडा फेकून देतात. सोड्याला आंबट लागतं. त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, मग बघा. बेकिंग पावडरीत मात्र सोड्यासोबत कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे तिला पाणी पुरतं. आणि त्याच कारणाने ती पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात निकामी होते. मुंबई-कोकणातली जुलैची दमट हवा आणि मुलांचा ओला चमचा एवढं तिला बास होतं. मी डबा उघडला की झाकणावर तारीख लिहिते आणि सहा महिन्यांनी नवा आणते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या घरात पांढऱ्या पावडरींचे चार डबे असू शकतात: खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, पापडखार आणि धुण्याचा सोडा. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड आणि घसा भाजतो. नाव नसलेल्या बरणीतली पांढरी पावडर मुलांच्या केकमध्ये कधीही घालू नका, अंदाजाने चव घेऊनही बघू नका. ती टाकून द्या. खाण्याचा सोडा पाच-दहा रुपयांत मिळतो. पापडखारही केकसाठी नाही.

आणि सोडा व बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी सारख्याच मापाने वापरता येत नाहीत. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट जोरकस असतो. "पावडर संपली होती, म्हणून तेवढाच सोडा घातला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की साबणाची चव आली म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच विचारते.

चमचा आणि वाटी मोजा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बसलेले केक इथे सापडतात, म्हणून यावर जरा थांबा.

आपल्याकडे माप वाटीचं. भात, शिरा, उकड यांत ते अगदी बरोबर चालतं, कारण तिथे सगळंच एका वाटीने मोजतात आणि वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. केकमध्ये मैदा, साखर, दही वाटीने मोजलं जातं, पण सोडा आणि पावडर मोजली जाते चमच्याने. घोळ तिथेच होतो. तुमची आमटीची वाटी १५० मिलीची असेल आणि पाककृती २४० मिलीच्या कपाची, तर मैदा पडला कमी आणि सोडा मात्र पूर्ण मापाचा. म्हणजे मैद्याच्या मानाने सोडा १.६ पट झाला.

आता चमचा. पाककृतीतला छोटा चमचा ५ मिलीचा. आपला पोहे खायचा चमचा घरोघरी वेगळा, पण बरेचदा ८ ते १० मिलीचा भरतो. तो १० मिलीचा धरला तर सोडा दुप्पट. वाटीचा घोळ आणि चमच्याचा घोळ एकत्र आले की सोडा मूळच्या ३.२ पट होतो. वर सात वर्षांच्या मुलाने चमचा शिगोशीग भरला, तर त्यापुढे किती झाला हे सांगता येणार नाही. असा केक झपाट्याने वर येतो, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, भिंती पक्क्या व्हायच्या आत फुटतात आणि मधला भाग खाली येतो. केक बसला म्हणून पुढच्या वेळी लोक आणखी सोडा घालतात, आणि तो आणखी बसतो. सोडा वाढवणं हा बसलेल्या केकवरचा उपाय नाही. बहुतेक वेळा तो कमी करायचा असतो.

मोजायचं कसं? नवीन काही विकत आणायची गरज नाही. मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण असतं, त्यावर ५ मिलीची खूण असते. टोपण स्वच्छ धुवा, ५ मिली पाणी घ्या आणि तुमच्या चमच्यात ओता. काठोकाठ भरला तर तो छोटा चमचा. अर्धाच भरला तर तो १० मिलीचा, त्याने सगळं अर्धं घ्यायचं. वाटीचंही तसंच. मिलीच्या खुणा असलेली बाळाची दुधाची बाटली किंवा मिक्सरचं भांडं घेऊन वाटी त्यात रिकामी करा. हे काम मुलांना द्या. आमच्या इमारतीतल्या दुसरीतल्या एका मुलीने घरातल्या सगळ्या वाट्यांखाली मार्करने मिली लिहून ठेवलेत, आणि तिच्या आईचा केक तेव्हापासून बसलेला नाही.

शीग नको, सपाट हवं. चमचा भरला की सुरीच्या पाठीने वरचं सारखं करून डब्यात परत. मैदा डब्यात वाटी खुपसून भरू नका, चमच्याने वाटीत सैलसर घाला आणि सपाट करा. खुपसून भरला तर तो दबतो आणि केक कोरडा, जड होतो. साखरेचं उलट. मुलं साखर हळूच जास्त घालतात, आणि साखर जास्त झाली की स्टार्च घट्ट व्हायला आणखी उशीर लागतो. बाहेरून तपकिरी झालेला केक आतून सैल राहतो आणि खचतो. त्यामुळे साखरेची वाटी मोठ्या माणसाने ओतावी, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळ लावा

मापं बरोबर, सोडा जिवंत, तरी केक दडस? मग मला विचारायचं असतं: दही मैद्यात पडल्यापासून भांडं ओव्हनमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला?

उत्तर नेहमी "लगेचच" असं येतं. मी एकदा शेजारच्या घरी बसून घड्याळ लावलं. चार मुलं. प्रत्येकाला ढवळायचं होतं. मग टुटीफ्रुटी कोण घालणार यावरून रुसवा. मग भांड्याला तूप लावायचं राहिलंय हे लक्षात आलं. मग फोटो. मग ओव्हन सुरूच केलेला नाही हे लक्षात आलं आणि तो तापेपर्यंत थांबावं लागलं. २६ मिनिटं झाली होती.

सोड्याला दह्यातलं आम्ल मिळालं की वायू त्याच क्षणापासून सुटायला लागतो, ओव्हनची वाट बघत नाही. बेकिंग पावडरीचा काही जोर उष्णता लागल्यावर मोकळा होतो, म्हणून तिचा केक थोडं सावरून घेतो, पण २६ मिनिटं तिलाही फार झाली. इडलीच्या पिठाशी तुलना करून लोक फसतात. आंबवलेल्या पिठात वायू तयार होतच राहतो. सोड्याचा वायू एकदाच निघतो. इनो घातलेला ढोकळा आपण जितक्या घाईने वाफेला लावतो, तितकीच घाई इथे हवी.

मुलांना घाई करायला लावायची नाही, कामांचा क्रम बदलायचा. मी असं करते. आधी भांड्याला तूप लावून तळाला कागद, हे मुलांचं काम. मग ओव्हन सुरू, हे माझं काम. मग मैदा, सोडा, पावडर एकत्र तीनदा चाळणं. यात मुलांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या, कोरड्यात काही बिघडत नाही. दुसऱ्या भांड्यात दही, साखर, तेल, व्हॅनिला साखर विरघळेपर्यंत ढवळणं, तिथेही अर्धा तास खेळले तरी हरकत नाही. टुटीफ्रुटीचा पाक धुऊन, पुसून, चमचाभर मैद्यात घोळवून तयार ठेवा, नाहीतर ती तळाला जाऊन बसते. फोटो आत्ताच काढा. ओव्हन तापला की मगच ओलं आणि कोरडं एकत्र. तिथून पाच मिनिटांत भांडं आत.

दह्यात सोडा घालून फेस येईपर्यंत थांबायची पद्धतही अनेक घरांत आहे. तो केक होतो, कारण त्यात बेकिंग पावडरही असते. पण मुलं सोबत असली की फेसाची पाच मिनिटं हातातून निसटतात. मुलांना फेस बघायचाच असेल तर मघाच्या लिंबू-सोड्याच्या वाटीत दोनदा दाखवा.

किती ढवळायचं

पुरणपोळीची कणीक आपण तिंबतो, कारण तिला ताण हवा असतो. केकला तोच ताण नको असतो. मैदा ओला झाल्यावर जितकं फेटाल तितका तो चिवट होतो, आणि मग वायू बोगदे करून बाहेर पडतो. चार मुलं, प्रत्येकाचे दहा वेढे, मोठ्याने मोजून. चाळीस झाले की थांबायचं. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. "घट्ट वाटतंय" म्हणून दूध ओतत गेलं तर तळाशी तो ओला थर बसतोच. घरचं दही पाणचट असेल तर मोजण्याआधी वरचं पाणी काढा.

चमचा चाटण्याबद्दल: पीठ अंड्याचं असो की बिनअंड्याचं, कच्चं चाटू देऊ नका. कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात. मी मुलांसाठी वेगळ्या वाटीत दही-साखर ठेवते.

भांडं

वर दिलेलं पीठ ७ इंची भांड्यासाठी आहे. तेच ६ इंचीत ओतलं तर थर एक तृतीयांशाहून जास्त उंच होतो, कडा होते आणि मधला भाग कच्चा राहतो. भांडं निम्म्याहून थोडं जास्त भरा, दोन तृतीयांशाच्या वर कधीच नाही. उरलेलं पीठ वाट्यांमध्ये ओता, मुलांना ते वाटीकेक जास्त आवडतात.

सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन तिथे केक करणाऱ्यांसाठी: महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तोच सोडा केकला जास्त फुगवतो. बेकिंग पावडर सव्वाऐवजी एक चमचा घ्या.

आता आच

इथवर सगळं बरोबर निघालं तरच ओव्हनकडे वळा.

ओटीजी १८० वर लावून किमान १५ मिनिटं रिकामा तापवा. वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू हवेत आणि भांडं मधल्या जाळीवर. खटका "टोस्ट" किंवा "ग्रिल"वर राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. मुलं खटके फिरवतात. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या मोडवर आहे ना, हे दोनदा बघा. साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये धातूचं भांडं ठेवू नये, ठिणग्या उडतात.

बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असेलच असं नाही. काही शे रुपयांत ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, वारंवार केक करत असाल तर तो घ्याच. पैसे घालायचे नसतील तर साखरेने अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा. चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये बटण १८० वर असताना १५ मिनिटांत ती वितळली, तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. बटण २०० वर नेऊन आणखी १५ मिनिटांनीही वितळली नाही, तर तो गार आहे. वितळलेली साखर कातडीला चिकटून खोल भाजते, त्यामुळे ही चाचणी मुलं घरात नसताना करा. फरक १०-२० अंशांचा निघाला तर दुरुस्तीची गरज नाही. बटण तेवढं पुढेमागे लावा आणि ओव्हनवर चिठ्ठी चिकटवा.

गॅसवर कढईत करत असाल तर अडचण वेगळी असते. आच फक्त खालून येते. कोकणात काकडीचं धोंडस करताना झाकणावरही निखारे ठेवतात ते याचसाठी, वरूनही आच लागावी म्हणून. गॅसवर ते जमत नाही, म्हणून केक पातळ थराचा करा. जाड बुडाची कढई, आत स्टँड, वर घट्ट बसणारं घुमटाकार झाकण. घुमट असला की वाफेचं पाणी कडेने ओघळतं, केकच्या मधोमध टपकत नाही. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग मंद, ४५ ते ५० मिनिटं. वरचा भाग फिकाच राहील, त्याची काळजी करू नका. नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नका.

कुकरमध्ये केक करणं मी बंद केलं आणि तुम्हीही करावं असं वाटतं. शिट्टी आणि रिंग काढली तरी झाकणावरचा सुरक्षा झडपेचा भाग तिथेच राहतो. आतलं पाणी संपून कुकर फार तापला की तो वितळावा, अशीच त्याची रचना असते. पाण्याशिवाय तासभर तापवल्यावर तो वितळू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी वरण लावताना तिथून वाफ जाते. असं झालं तर तिथे काहीही ठोकून बसवू नका. कंपनीचीच झडप बसवून घ्या, तोवर कुकर वापरू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सकाळी केला तर केक चांगला होतो, संध्याकाळी सातला केला तर बसतो, असं होत असेल तर विजेचा दाब तपासायला हवा. दाब २३० व्होल्टवरून १९० वर आला, तर १,५०० वॅटचा ओव्हन जेमतेम १,००० वॅटचं काम करतो. दाब वायरमनकडून मोजून घ्या, स्वतः प्लगमध्ये काही घालून बघू नका. तोवर सकाळीच केक करा.

१,५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपियर वीज ओढतो. तो ६ अँपियरच्या लहान प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, १६ अँपियरचा मोठा प्लग हवा. प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला, बोर्ड काळा पडला, ओव्हनच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्या, किंवा ओव्हन लावला की एमसीबी (वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारा खटका) पडतो, यातलं एक जरी झालं तरी बोर्डाचं बटण बंद करा आणि तिथेच थांबा. "एवढा एक केक होऊ दे" म्हणू नका. मुंग्या येणं म्हणजे पत्र्यात करंट उतरलाय आणि अर्थिंग धड नाही. शेजारी मुलं असतात.

रॉड लाल होत नाही, थर्मामीटर ३०-४० अंशांचा फरक दाखवतो, किंवा ओव्हन तापत जातो आणि रॉड मधूनमधून बंद होत नाही, तर रॉड किंवा थर्मोस्टॅट (ठरवलेली आच राखणारा भाग) गेला आहे. मागचा पत्रा उघडून तारा जोडू नका. आतल्या तारा उष्णता सहन करणाऱ्या वेगळ्या असतात, साधी तार तिथे वितळते.

गॅसची ज्योत पिवळी येत असेल तर बर्नर गार झाल्यावर साफ करा. तरी पिवळीच राहिली तर मेकॅनिक. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

मुलाला भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, तळहात, सांध्यावर भाजलं असेल तर पाण्यानंतर थेट डॉक्टर.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा "केक बसतो" एवढंच सांगू नका, त्यावरून त्याला काही कळणार नाही. बटण कितीवर होतं, थर्मामीटरने काय दाखवलं, किती मिनिटांनी, कोणता रॉड लाल होतो, सकाळी आणि संध्याकाळी फरक पडतो का, हे कागदावर लिहून द्या. लहान ओटीजी जुना असेल तर भेटीचे पैसे आणि सुट्या भागांची किंमत आधी विचारा, कधी कधी ती नव्याच्या निम्म्यावर जाते. दुरुस्त होऊन आला की पहिल्यांदा रिकामा २० मिनिटं चालवा, थर्मामीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहा, आणि मगच मुलांना हाक मारा.